तुमच्या शब्दावर उभं असलेलं पीक

अप्पा, तुम्हाला कृष्णांपेट्टैच्या स्मशानात पोचवून आलो आणि दोनच दिवसांनी एळुमलै आणि मुनियम्मा आपल्या दारात येऊन उभे राहिले. मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, तरी लगेच ओळखलं. गेलं वर्षभर तुम्ही जेवताना त्यांच्याबद्दल इतकं बोलला होतात की एळुमलैच्या अंगठ्याचं तुटलेलं नखसुद्धा मला ठाऊक होतं. सिरुसेरीच्या पलीकडे, तळ्याच्या काठाला ज्यांचं भाताचं शेत आहे ते हे नवरा-बायको. तिरुवल्लिकेणीतली आपली गल्ली शोधत, मॅन्शनमध्ये, म्हणजे भाड्याच्या खोल्यांत, राहणाऱ्या पोरांना विचारत विचारत आले होते. मुनियम्मा उंबऱ्याबाहेरच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. एळुमलै उभाच राहिला. मी पाणी दिलं, ते त्यानं वरून तोंडात ओतून घेतलं आणि पेला स्वतःच विसळून ठेवला.

मग तो तुमच्या मुलाकडे, मुकुंदकडे वळला. "अय्या गेले, सार. पण आम्हाला घोर लावून नाही गेले. पोंगल होईपर्यंत शेताला कुणी हात लावणार नाही, माझ्या मुलानं शब्द दिलाय, असं स्वतः सांगून गेलेत. शेजारचे म्हणतात, कच्चं तर कच्चं, कापून घे. मी म्हटलं, अय्यांचा शब्द आहे, मी थांबतो."

माझं तमिळ मोडकं आहे, पण एवढं मला कळलं. मुकुंदचं डोकं नुकतंच भादरलेलं, त्यावर हात फिरवत तो जमिनीकडे बघत राहिला. एळुमलैला वाटलं, बापाच्या आठवणीनं गहिवरला. त्यानं पुढे होऊन मुकुंदच्या खांद्याला हात लावला. मी मुकुंदची बायको, सहा-सात वर्षं त्याच्याबरोबर काढलीत. तो गहिवरला नव्हता, घाबरला होता.

मला तुमचा राग आला, अप्पा. घरात सुतक, कोपऱ्यात तुमच्या नावाचा दिवा, आणि मला तुमचा संताप आला. हे जगात ज्यानं करायला नको होतं असा एकच माणूस होता आणि ते तुम्ही होता. दुसऱ्याचा शब्द उचलून तिसऱ्याच्या पदरात टाकायचा नाही, हे तुम्हीच आम्हाला सांगितलं होतंत. घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं होतंत.

आपलं पहिल्यापासून जमलं ते भांडणामुळे. मी साताऱ्याकडची. लग्न होऊन मद्रासला आले तेव्हा मराठी घर म्हणून मला केवढा आधार वाटला होता, आणि पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "न्याहारी केलीस कां? मी सांगिटलों होतों की तिला उपाशी ठेवूं नका म्हणून." मला शिवकाळातलं पत्र कुणी वाचून दाखवतंय असं वाटलं. मी हसले. तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "आमची मराठी जुनी राहिली मा. तुमची तेवढी बिघडली." त्या दिवसापासून मी तुमची 'सांगिटलों'वरून खेचायची आणि तुम्ही माझ्या हिंदी शब्दांवरून. मुकुंद दोघांच्या मधे बसून तमिळ पेपर वाचायचा.

पोंगलला, म्हणजे आमच्या संक्रांतीला, तुम्ही नव्या तांदळाचं काही खात नव्हता. घरात गूळ-तूप घातलेलं पोंगल, वाटीभर काजू, आणि तुम्ही आपले डब्यातल्या जुन्या तांदळाचा भात ताकाबरोबर जेवणार. पहिल्या वर्षी मला वाटलं पथ्य असेल. दुसऱ्या वर्षी मी म्हटलं, "अप्पा, हे काय नखरे?" सासूबाई तेव्हा होत्या, त्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. तुम्ही ताकाची वाटी पुढे केलीत.

आणि आपला तो न संपलेला वाद. आमच्याकडच्या शेतकऱ्यांनी बेचाळीस सालानंतर स्वतःचं सरकार चालवलं, गावोगावी न्यायनिवाडे केले, माझ्या आजोबांनी भूमिगतांना उसाच्या फडात भाकऱ्या पोचवल्या, हे मी तुम्हाला किती वेळा ऐकवलं असेल. माझा सूर असा की बघा, आमचे शेतकरी इंग्रजांशी लढले, तुमच्या गावाकडे तंजावरात काय झालं? तुम्ही प्रत्येक वेळी ऐकून घ्यायचात. एकदाच म्हणालात, "तुमच्या गांवीं ज्यांच्याकडे जमीन होती ते लढले. आमच्या गांवीं ज्यांच्याकडे जमीन होती त्यांच्याशींच लढायचं होतं. आणि ती आमच्या घराची होती." मी म्हटलं, म्हणजे? तुम्ही चष्मा पुसायला घेतलात. ते "म्हणजे" मला पुढे काही वर्षांनी समजलं, आणि समजलं तेव्हा वाटलं, नसतं समजलं तर बरं झालं असतं.

सिरुसेरीला तुम्हाला आम्हीच नेलं. मुकुंदच्या कंपनीची नवी इमारत बघायची होती ना तुम्हाला. तो तिथे अ‍ॅडमिनला: कॅन्टीन, बसगाड्या, कुंपण, आणि आता मागच्या फाटकाकडून तळ्याच्या बाजूला निघणारा नवा रस्ता. काचांची ती इमारत तुम्ही एकदा वर मान करून बघितलीत आणि मग पाठ फिरवून तळ्याकडे चालायला लागलात. मी मागून हाका मारत होते. गेल्या वर्षीच्या पिकाची रोपं तेव्हा नुकती लावलेली होती, बांधावर एळुमलै बसला होता. तुम्ही त्याला विचारलंत, "किती कापण्या झाल्या या शेतात, तुझ्या आजोबापासून?" तो म्हणाला, आजोबांचे आजोबाही इथेच लावत होते, पण कागद कधी कुणी दिला नाही. तुम्ही खाली बसलात. तुमच्या धोतराला चिखल लागला आणि मला धुण्याची काळजी पडली.

त्यानंतर तुम्ही रोजच जायला लागलात. सकाळी डब्यात दहीभात, हातात छत्री, पेरुंगुडीवरून जाणारी बस. ऐंशी ओलांडलेला माणूस खोदून ठेवलेल्या रस्त्यानं धुळीतून दोन-दोन तास जातो म्हणून मुकुंद चिडायचा. संध्याकाळी तुम्ही परत येऊन काय काय सांगायचात. पहिल्यांदा सांगितलंत, बांधावर कुणीतरी दगड पुरून त्याला लाल रंग लावलाय. मग एक दिवस तळ्याचा बांध एका बाजूनं फोडलेला, पाणी पावसाळा संपायच्या आधीच उतरलं. मग ताडाची झाडं गेली. मग एक पांढरी गाडी रोज येऊन उभी राहायला लागली. त्यातून कुणी उतरत नाही, काचा खाली होत नाहीत, तासभर उभी राहते आणि जाते. चहाच्या टपरीवाल्याला कुणीतरी एळुमलैच्या मुलांची नावं विचारली. पुढच्या आठवड्यात टपरी बंद. तुम्ही हे सगळं सांबाराच्या घासाबरोबर सांगायचात आणि शेवटी एकच वाक्य, "असंच होतं. आधीं असंच होतं."

"आधी म्हणजे कधी?" मी विचारायची. तुम्ही हात धुवायला उठायचात.

शेवटी मुकुंदनंच विषय काढला. त्या संध्याकाळी तो लवकर आला होता, चांगल्या मूडमध्ये होता. तुमच्या शेजारी झोपाळ्यावर बसून म्हणाला, "अप्पा, चुम्मा, उगाच टेन्शन घेऊं नका. मी वरती बोललों. पोंगलपर्यंत पिकाला कोणी हात लावणार नाही. मी शब्द देतों तुम्हाला."

मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही पाय जमिनीला टेकवून झोपाळा थांबवलात.

"मला कशाला देतोस?" तुम्ही म्हणालात. आणि मग ते सांगितलंत, जे सासूबाईंना माहीत होतं आणि आम्हाला नव्हतं.

तुमचे वडील मिरासदार. कावेरीच्या फाट्यावर त्यांची हिरवीगार जमीन. खादी घालायचे, सूत कातायचे, घरावर तिरंगा लावला म्हणून तुरुंगात जाऊन आलेले. आणि त्याच घरात कोठाराच्या दारामागे खिळ्याला चाबूक. पण्णैयाळ, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घराला बांधलेले गडी, अंगणाच्या कडेला हात जोडून उभे राहायचे आणि तुमच्या वडलांना 'आंडे' म्हणायचे, मालक. तुम्ही धाकटे मालक, 'चिन्न आंडे'. कामाला उशीर झाला की चाबूक, उलट बोललं की शेण कालवलेलं पाणी प्यायला लावायचं. हे तुम्ही इतक्या सपाट आवाजात सांगत होतात की मी हातातली पळी खाली ठेवली आणि दाराशीच बसले.

मग चेरीत, म्हणजे गड्यांच्या वस्तीत, लाल बावटा आला. तुम्ही कुंभकोणमच्या कॉलेजातून सुट्टीला आला होतात ते चेरीतच जाऊन बसायला लागलात. वडील म्हणाले, आधी इंग्रज जाऊ दे, मग त्यांचंही बघू. गडी म्हणाले, चाबूक नको, शेण नको, धान्याचं माप खरं हवं, नाहीतर कापणीला विळा लावणार नाही. बाहेरून मजूर आणून पीक कापून नेतील म्हणून ते शेताभोवती कडं करून बसले. पोलिस तालुक्याच्या गावी येऊन थांबल्याची बातमी आली. तुम्ही मधे पडलात. घरचा मुलगा, दोन्हीकडचा. वडलांना म्हणालात, बोलणी होईपर्यंत बाहेरचा विळा आणि पोलिसाची काठी आपल्या बांधावर येणार नाही अशी शपथ घ्या.

"ते एका शब्दानं हो म्हटले," तुम्ही सांगितलंत. "खंडोबाच्या टाकापुढं बेलभंडार उचलले."

बेलभंडार मी इतिहासाच्या पुस्तकात वाचलेला. आमच्याकडे आता कुणी उचलत नाही, उचलला तर लोक हसतील. पण तुमच्या त्या घरात, तमिळ मुलखात दोन-अडीचशे वर्षं राहूनही, एकदा बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द कुणी मोडल्याचं तुम्ही ऐकलं नव्हतंत. म्हणून तुम्ही धावत चेरीत गेलात. "उठा, घरीं जा म्हणून मीच सांगिटलों. माझे वडील बेलभंडार उचललेत, आतां कोणी येणार नाही म्हणून. त्यांना बेलभंडार म्हणजे काय तें कळलं नाही. माझं तोंड बघून उठले ते."

दुसऱ्या सकाळी गाड्या आल्या. मजूर आले, पोलिस आले. कडं उठलेलं होतं, अडवायला कुणी नव्हतं. फक्त काळियन होता, ज्यानं लहानपणी तुम्हाला खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं. तो बांधावर आडवा उभा राहिला आणि ओरडत राहिला की चिन्न आंडेंचा शब्द आहे, पीक कापायचं नाही. त्याला वाटत होतं, या लोकांना निरोप पोचला नसेल, सांगितलं की थांबतील. त्याला मारलं तेव्हाही तो हेच सांगत होता. नंतर तो उठला नाही.

तुम्ही वडलांना विचारलंत. ते शांत होते. पोलिसांना शेजारच्या मिरासदारानं बोलावलं, मी नाही, म्हणाले. आणि मग म्हणाले, "बेलभंडार तुझ्यापुढं उचललों मी. चेरीपुढं नाही."

मुकुंदनं आजोबांचा खादीतला फोटो लहानपणापासून बघितला होता, त्यांच्याबद्दल शाळेत निबंध लिहिला होता.

"म्हणून सांगतों," तुम्ही म्हणालात, "मला शब्द देऊं नको. तिथं जा, एळुमलैच्या तोंडापुढं उभा राहा, आणि सांग. नाहीतर सांगूंच नको."

"अप्पा, मी साधा मॅनेजर. कंपनीच्या तरफेनं मी बाहेरच्या माणसाला प्रॉमिस कसं करूं? तुम्हाला म्हणून सांगिटलों."

"तुम्हाला म्हणून," तुम्ही म्हणालात, आणि हसलात. ते हसणं मला आवडलं नाही. मी उठून ताटं घेतली.

त्यानंतर रोज संध्याकाळी तुमचा एकच प्रश्न. गेलास कां? मुकुंद म्हणायचा, उद्या. मीटिंग आहे, ऑडिट आहे, पाहुणे आहेत. तो खोटारडा नाही, अप्पा, हे तुम्हालाही माहीत आहे. त्यानं खरंच वर बोलून ठेवलं होतं आणि वरच्यांनी खरंच मान हलवली होती. त्याला फक्त त्या बांधावर उभं राहायची लाज वाटत होती. कुणाच्याही पोटाशी येऊन ठेपलेल्या गोष्टीबद्दल बोलायचं म्हटलं की तो असाच ऑफिसात लपतो. तुम्हाला हे दिसत होतं, आणि तरी तुम्ही रोज त्याची वाट बघत होता. पोंगलच्या आधीचा मार्गळीचा महिना लागला, गल्लीत पहाटे दारोदारी रांगोळीचे कोलम निघायला लागले. तुम्ही खिडकीशी बसून म्हणायचात, लोंब्या भरल्या असतील. एका सकाळी चपला घालायला वाकलात आणि भिंतीला टेकून खाली बसलात. मी डबा घेऊन आले तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "तो गेला होता कां ग?" एवढंच. मी म्हटलं, "जाईल, अप्पा." डॉक्टर येईपर्यंत तुम्ही नव्हता.

तुम्ही विचारलंत तेव्हा एळुमलैला सांगून झालेलं होतं, हे मला आता कळतंय. मुनियम्माला मी दाराशी विचारून घेतलं. त्याच्या आदल्या दिवशी, म्हणाली. शेजारच्या दोघांनी विळे काढले होते. एळुमलै तुम्हाला म्हणाला, अय्या, तुमचा मुलगा तिथेच काम करतो, तुम्ही सांगाल तसं मी करतो. तुम्ही लोंब्यांवरून हात फिरवलात, मग त्याला मुकुंदचा शब्द सांगितलात.

का सांगितलंत? मी तुमच्या बाजूनं विचार करून बघते. मुलगा आजोबांसारखा नाही, हे तुम्हाला जायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, असं मला वाटतं. तो जाईल, आज ना उद्या जाईलच, मग मी एक दिवस आधी सांगितलं म्हणून काय बिघडलं, असं तुम्ही स्वतःला समजावलं असेल. बापाचं मन असं करतं. तुमच्याशी भांडायला हवं होतं यावर, चांगलं कडकडून. तुम्ही चष्मा पुसायला घेतलात तरी मी सोडलं नसतं.

ते दोघं गेल्यावर मी मुकुंदला विचारलं, खरं सांग. तो म्हणाला, तारीख अलीकडे आलीय. पोंगलनंतर कुणी मोठा पाहुणा फाटकाचं उद्घाटन करणार, त्याआधी रस्ता सपाट हवा. कंत्राटदाराला सांगून झालं. तुमची तब्येत बघून त्यानं ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. "आणि आता?" मी म्हटलं. "आतां मी सुतकात आहें," तो म्हणाला. मला हसू आलं, तसं वाईट हसू, तुमचं त्या दिवशीचं.

मग मीच गेले, सुतकातच. शेजारच्या मामींनी बाल्कनीतून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. बसमध्ये मी हिशेब मांडत होते. मला दोनच गोष्टी करता येत होत्या. तुमचा शब्द तसाच ठेवायचा आणि त्यांचं पीक जाऊ द्यायचं. नाहीतर पीक वाचवायचं आणि त्यांच्यासमोर तुम्हाला खोटं पाडायचं, तुम्ही जाऊन आठवडा व्हायच्या आत. वाटेत तिसरीही गोष्ट सुचली. अप्पांनी जाताना निरोप दिला होता की लगेच कापा, असं सांगायचं. तुमचं नाव राहील, पीकही वाचेल. पेरुंगुडी जाईपर्यंत मी तेच ठरवलं होतं. पण ते खोटं झालं असतं, आणि आपल्या घरानं त्या लोकांना आणखी एक खोटं सांगायचं, त्यांच्या भल्यासाठी का होईना, हे मला जमेना. तुमच्याचमुळे जमेना.

तुमच्या तोंडून ऐकलेलं सगळं तिथे होतं. लाल दगड, फुटलेला बांध, ताडांचे बुंधे. शेजारची दोन शेतं कापलेली, जमीन उघडी पडलेली, आणि मधोमध एळुमलैचं शेत, अर्धं पिवळं झालेलं, अर्धं अजून हिरवं. पलीकडे तीन पिवळी यंत्रं ओळीनं उभी होती, त्यांच्या सावलीत माणसं पत्ते खेळत होती. मी आल्यावर त्यांनी खेळ थांबवून माझ्याकडे बघितलं. पांढरी गाडी नव्हती. ती नाही याचीच मला जास्त भीती वाटली.

मुनियम्मानं मला बांधावर पोतं टाकून दिलं. मी मोडक्या तमिळमध्ये सांगितलं. शब्द नाही. मुलाच्या हातात काही नाही. यंत्रं पोंगलच्या आधी फिरणार. आज कापा, जेवढं हाती लागेल तेवढं कापा.

एळुमलैनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे अय्यांनी सांगितलं होतं?"

"नाही. मी सांगते आहे. अय्यांना माहीत नव्हतं."

"अय्यांना माहीत नव्हतं असं कसं होईल, अम्मा?" तो अगदी प्रेमानं बोलत होता, तापात बरळणाऱ्याची समजूत काढावी तसा. "तुम्ही दुःखात आहात. घरी कुणी काही बोललं असेल. अय्या वर्षभर इथे बसले. आमच्या घरचं पाणी प्यायले. ते खोटं सांगणार नाहीत."

मी म्हटलं, ते खोटं बोलले नाहीत, ते चुकले. मुनियम्माचा चेहरा बदलला. गेलेल्या माणसाबद्दल सून असं बोलते हे तिला रुचलं नाही. मी तंजावरचं सांगायला लागले, काळियनचं, गाड्यांचं. माझं तमिळ त्याला पुरेना. त्यांना एवढंच कळलं की अय्या पूर्वीही गरिबांच्या बाजूचे होते. एळुमलैनं हात जोडले. म्हणाला, "बघा, मी म्हटलं ना." मी रडायला लागले, तेव्हा मुनियम्मानं मला जवळ घेतलं. तिला वाटलं, मी तुमच्यासाठी रडते आहे. तुमच्यासाठीच रडत होते म्हणा.

निघताना मुनियम्मा म्हणाली, ज्यानं शब्द दिला तो मुलगा स्वतः येऊन नाही म्हणाला तर गोष्ट वेगळी. मग आम्ही कापू. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही.

घरी येऊन मी मुकुंदला हे जसंच्या तसं सांगितलं. आरडाओरडा केला नाही, तेवढं त्राण नव्हतं. तो म्हणाला, मी जाऊन सांगितलं आणि कंपनीला कळलं तर नोकरी जाईल. मी म्हटलं, जाईल. तो म्हणाला, लोकांनी तिथेच मला मारलं तर? मी म्हटलं, मारतील कदाचित. तो उठून आजोबांच्या फोटोपुढे जाऊन उभा राहिला. तुमचा फोटो अजून करून आलेला नाही.

अप्पा, माझ्या माहेरच्या त्या गोष्टींचा मला आता भारी उबग आलाय. फडातल्या भाकऱ्या, न्यायनिवाडे. त्या खोट्या नाहीत. पण त्या मी जिंकल्यासारख्या सांगत होते आणि तुम्ही ऐकत होता, पोटात काळियनला घेऊन. एकदाही मला अडवलं नाहीत. या घरात येऊन मला काय मिळालं असं कुणी विचारलं तर मी तुमचं ते ऐकून घेणं सांगेन. आणि तुमच्यावरचा राग जाईल असं मला वाटत नाही. दोन्ही एकत्रच राहणार, मला त्याची सवय करावी लागेल.

मुकुंद आज सकाळी सिरुसेरीला गेला. गल्लीत कोलम काढणाऱ्या बायकांनी बोडकं डोकं बघून वाट सोडली. दिलेला शब्द परत घ्यायला गेलाय तो, समोर उभं राहून. आपल्या घराण्यात शब्द मोडले गेले, पण ज्यांना दिले त्यांच्या तोंडावर जाऊन ते सांगायची हिंमत आजवर कुणी केलेली नाही. तो गेल्यावर थोड्या वेळानं कंत्राटदाराचा फोन आला, सारना निरोप द्या, आम्ही आजच सुरू करतोय म्हणून. मी मुकुंदचा मोबाइल लावतेय, तो लागत नाही. त्या रस्त्यावर खोदकामात बस कुठे अडकली असेल तर ती दुपारपर्यंत पोचत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

तो आधी पोचला तर ते विळे काढतील. यंत्रं आधी निघाली तर एळुमलै आणि मुनियम्मा शेतात आडवे उभे राहतील आणि तुमचं नाव सांगतील. अय्यांचा शब्द आहे, म्हणतील, पुन्हा पुन्हा म्हणतील. यंत्रावर बसलेल्या माणसांनी तुमचं नाव कधी ऐकलेलं नाही, अप्पा.